पाच एचपीची मोटर आणि सव्वा एचपीचं पाणी

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका अकरावीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: घरच्या विहिरीवर पाच एचपीची ओपनवेल सबमर्सिबल (विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायची मोटर आणि पंप) आहे. जमिनीपासून 16 मीटर खाली सोडलेली. पाणी 12 मीटरवर लागतं. तिथून 63 मिमीचा, म्हणजे दोन इंची, 220 मीटर पीव्हीसी पाइप शेततळ्यापर्यंत जातो. शेततळ्याचं तोंड विहिरीच्या काठापेक्षा 6 मीटर उंच. त्याने हिशोब केला: 5 × 746 = 3730 वॅट, उंची 16 + 6 = 22 मीटर, म्हणून सेकंदाला 3730 ÷ (9.8 × 22) = 17.3 लिटर. दोनशे लिटरचा ड्रम बारा सेकंदांत भरायला हवा. प्रत्यक्षात लागले 37 सेकंद. मीटरवर तर 4.8 किलोवॅट जाताना दिसतात, टाँग टेस्टरने (तारेभोवती लावून प्रवाह मोजायच्या चिमट्याने) हिशोब केला तर 6. ऊर्जा नाहीशी होत नाही म्हणतात, मग बाकीची गेली कुठे? आणि जोडप्रश्न: कसारा घाटात गाडीला मागून आणखी इंजिनं जोडतात, ती एका इंजिनाची शक्ती कमी पडते म्हणून का?

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पहिल्याचं उत्तर वॅटगणिक मांडता येतं, तसंच मांडू.

आधी उंची दुरुस्त करून घे. तू 16 मीटर धरलेत ते पंपाच्या खोलीचे. ते चूक आहे. पंप पाण्यात कितीही खाली सोडला तरी उचल मोजायची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून. पंपाच्या तोंडाशी पाणी येतं तेव्हा त्याच्यावर 4 मीटर पाण्याचा दाब असतोच, आणि तोच दाब त्याला पाइपमधून फुकटात 4 मीटर वर, बाहेरच्या पातळीपर्यंत, आणून सोडतो. पाण्यात बुडालेली बादली पोहऱ्याच्या दोराला जड लागत नाही, पृष्ठभागाबाहेर आली की लागते, त्यातली गोष्ट हीच. म्हणून तुझी खरी उंची 12 + 6 = 18 मीटर.

पण हे 12 मीटर कधी मोजलेत? मोटर बंद असताना सकाळी मोजले असतील तर ते उपयोगाचे नाहीत. उपसा चालू झाला की पातळी उतरते, उन्हाळ्यात तर झपाट्याने. अर्धा तास मोटर चालू दे, मग दोरीला वजन बांधून सोड आणि ओल कुठपर्यंत लागली ते बघ. विहिरीत उतरायचं नाही, काठावरूनच मोजायचं. काठ ते शेततळं हे 6 मीटर नजरेने ठरवले असतील तर गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन टप्प्याटप्प्याने मोज. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या रानात दोन मीटरची चूक सहज होते. पुढच्या हिशोबासाठी मी 18 मीटर बरोबर आहेत असं धरतो.

गंमत अशी की उंची दुरुस्त केल्यावर कोडं सुटत नाही, वाढतं. 3730 ÷ (9.8 × 18) म्हणजे सेकंदाला 21 लिटर. ड्रम साडेनऊ सेकंदांत भरायला हवा.

आता ड्रम. 200 ÷ 37 = सेकंदाला 5.4 लिटर. हा आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे, म्हणून तो पक्का कर. दोनशेचा म्हणून मिळणारा ड्रम काठोकाठ भरला तर त्यात दहा-पंधरा लिटर जास्त बसतात. मापाच्या बादलीने भरून 200 वर खडूने रेघ मार. पाइपचं तोंड ड्रममध्ये धरताना ते शेततळ्याच्या तोंडाच्या उंचीलाच ठेव. खाली वाकवलंस तर उंची कमी होते आणि पाणी थोडं जास्त येतं. तीन-चार वेळा मोजून सरासरी घे, कारण घड्याळ दाबताना एक सेकंद इकडेतिकडे झाला तरी तीन टक्क्यांचा फरक पडतो.

या 5.4 लिटरवर गुरुत्वाविरुद्ध दर सेकंदाला होणारं कार्य किती? 5.4 × 9.8 × 18 = 953 ज्यूल. सेकंदाला 953 ज्यूल म्हणजे 953 वॅट, म्हणजे जेमतेम 1.28 एचपी. विजेच्या खांबावरून 4800 वॅट घेतले, पाण्याच्या स्थितिज ऊर्जेत 953 पडले. शंभरातले वीस.

उरलेल्या 3847 वॅटांचा माग वरून खाली, वायरीपासून पाइपच्या तोंडापर्यंत काढू.

पहिली गळती मोटरमध्ये. पाटीवर 5 एचपी किंवा 3.7 किलोवॅट लिहिलेलं असतं ते मोटरने शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, द्यायचं. विजेकडून घ्यायचं ते त्याहून जास्त असतं. पाण्यात चालणाऱ्या या आकाराच्या मोटरची कार्यक्षमता साधारण 78 टक्के धरली तर 4800 पैकी 3740 शाफ्टला मिळतात. म्हणजे तुझी मोटर पाटीप्रमाणे पुरेपूर काम करते आहे, तिला दोष नाही. मधले 1060 वॅट वाइंडिंगची तार तापण्यात, लोखंडी पत्र्यांत आणि बेअरिंगमध्ये जातात.

दुसरी गळती सगळ्यात मोठी, आणि ती कोणाला दिसत नाही: पंप. इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, पाण्याला गरागरा फिरवतो, त्याला वेग देतो, आणि बाहेरचं कवच त्या वेगाचं दाबात रूपांतर करतं. या रूपांतरात भोवरे उठतात, इंपेलरच्या दोन्ही तोंडांवर पाणी घासतं आणि काही पाणी दाबाच्या बाजूने फटीतून परत मागे पळतं. पाच एचपीच्या शेतीपंपात शाफ्टवरच्या शक्तीपैकी निम्मी पाण्यापर्यंत पोचली तरी ठीक म्हणायचं. तुझ्याकडे 3740 पैकी 1826 पोचतात, 1914 पंपातच संपतात. विहिरीत गाळ असेल तर बारीक रेती इंपेलर आणि रिंगमधली फट झिजवते आणि ही गळती दरवर्षी वाढत जाते. मोटर तेवढीच वीज खाते, आवाजही तसाच येतो, फक्त ड्रम 37 ऐवजी 42 सेकंदांत भरू लागतो. म्हणून ड्रमची वेळ तारखेसकट स्टार्टरच्या पेटीवर लिहून ठेवावी.

हा 1826 चा आकडा मी कुठून आणला? पाइपवरून उलटा. तिसरी गळती तिथेच आहे आणि ती चांगली मोजता येते. 63 मिमी हा पाइपचा बाहेरचा व्यास. आतला साधारण 58 मिमी. त्यातून सेकंदाला 5.4 लिटर जायचे तर पाण्याचा वेग 2.04 मीटर प्रति सेकंद होतो. घर्षणाने वाया जाणारी उंची काढायचं सूत्र असं: घर्षणांक × (लांबी ÷ व्यास) × (v² ÷ 2g). यात v म्हणजे पाण्याचा वेग, g म्हणजे 9.8. पीव्हीसीसाठी या वेगाला घर्षणांक 0.019 च्या आसपास. 0.0188 घेऊन गणित केलं की 0.0188 × (220 ÷ 0.058) × 0.213 = 15.2 मीटर.

म्हणजे पंपाला वाटतं की आपण पाणी 18 नाही, 33 मीटर चढवतो आहोत. त्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) आणि पाच-सहा एल्बो (वळणाचे जोड) मिळून आणखी 1.1 मीटर घालू. पाइपच्या तोंडातून बाहेर उडताना पाण्याजवळ असलेली गतिज ऊर्जा 0.2 मीटर. एकूण 34.5. आणि 5.4 × 9.8 × 34.5 = 1826 वॅट.

सगळं एका ओळीत: वीज 4800 = मोटरमध्ये 1060 + पंपात 1914 + पाइपच्या घर्षणात 804 + एल्बो-व्हॉल्व्हमध्ये 58 + बाहेर पडणाऱ्या धारेच्या गतीत 11 + उंची चढवण्यात 953. बेरीज करून बघ, जुळते. पंपाचा आकडा मी वजाबाकीने काढला आहे, म्हणून बेरीज जुळण्यात नवल नाही. पण निघालेली 49 टक्के कार्यक्षमता अशा पंपाला शोभेल अशीच आहे, आणि तीच या हिशोबाची खरी पडताळणी. वजाबाकीत 85 टक्के आली असती तर मी तुझ्या पाइपच्या लांबीवर किंवा ड्रमवर संशय घेतला असता.

त्या 11 वॅटांकडे जरा बघ. पाइपच्या तोंडातून जोरात उडणारी धार पाहून "केवढी ऊर्जा वाया चालली" असं वाटतं, आणि ती सगळ्यात क्षुल्लक निघते: ½ × 5.4 × 2.04² = 11. घर्षणाचे 804 वॅट मात्र मातीखाली गाडलेल्या पाइपमध्ये निमूटपणे जातात.

पाइपचा आकडा कागदावर विसंबून मान्य करायची गरज नाही. विहिरीच्या काठावर डिलिव्हरी पाइपला एक दाबमापक बसव, 0 ते 4 किलोचा पुरतो. दाबाचा 1 किलो प्रति चौ. सेंमी म्हणजे पाण्याचे 10 मीटर. मोटर चालू असताना काटा 2.1 च्या आसपास यायला हवा. बंद केल्यावर पाइप भरलेला राहिला तर 0.6 वर थांबायला हवा, कारण वरती फक्त 6 मीटर उभं पाणी उरतं. मधला 1.5 किलोचा फरक म्हणजे 15 मीटर, म्हणजे घर्षण. बंद केल्यावर काटा हळूहळू शून्याकडे गेला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. आणि चालू असताना 2.1 ऐवजी 2.6 दाखवला, पाणीही कमी येत असलं, तर पाइपमध्ये कुठेतरी अडलं आहे: दबलेला पाइप, अर्धा बंद व्हॉल्व्ह, क्वचित आत शिरलेलं मूळ. याउलट काटा 1.5 आणि पाणीही कमी, तर पाइपमध्ये अडलेलं नाही. पंप झिजलेला आहे किंवा पाइप वाटेत फुटून गळतो आहे.

वर्गात शिकवलेला एक फरक इथे रोकडा दिसतो. गुरुत्वाविरुद्धचं कार्य वाटेवर अवलंबून नसतं. पाइप सरळ उभा न्या की 220 मीटर तिरका फिरवा, 953 वॅटच लागतील. घर्षणाविरुद्धचं कार्य मात्र सगळं वाटेवरच अवलंबून असतं: पाइप दुप्पट लांब केलास तर त्याच प्रवाहाला घर्षण दुप्पट. म्हणून उंचीसाठी mgh (वस्तुमान × 9.8 × उंची) असं सोपं सूत्र देता येतं, स्थितिज ऊर्जा म्हणून खात्यावर जमा दाखवता येते आणि ते पाणी परत खाली सोडून वसूलही करता येते. घर्षणाला तशी जमा नाही.

मग घर्षणाचं काय होतं? उष्णता. आणि इथे "ऊर्जा गेली कुठे" याचं शेवटचं उत्तर आहे. पंपात 1914, पाइपमध्ये 804, एल्बोत 58, मिळून 2776 वॅट जवळजवळ सगळे त्याच पाण्याला तापवतात. पण पाणी एक किलोला एक अंश तापायला 4186 ज्यूल घेतं, आणि इथे दर सेकंदाला 5.4 किलो नवं पाणी येतं आहे. 2776 ÷ (5.4 × 4186) = 0.12 अंश. हाताला कळणार नाही, साध्या थर्मामीटरलाही नाही. मोटरचे 1060 वॅट विहिरीतलं पाणी शोषून घेतं, त्याचाही पत्ता लागत नाही. ऊर्जा हरवलेली नाही, पातळ झाली आहे.

तीच उष्णता दिसायची असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालवल्यावर काय होतं ते बघितलेल्या मिस्त्रीला विचार. स्वतः करून बघू नकोस. पाणी पुढे सरकत नाही, पण इंपेलर आतलं चार-पाच लिटर घुसळत राहतो. त्यात समजा 2 किलोवॅट गेले तर पाच लिटर पाणी मिनिटाला साडेपाच-सहा अंशांनी तापतं. पाच मिनिटांत पंपाचं कवच हात ठेववत नाही इतकं गरम, आणि सील गेलं. बाहेर आलेलं पाणी शून्य, म्हणून mgh शून्य. शक्ती मात्र चालूच.

आता हे कळून करायचं काय? पंपाची गळती मोठी असली तरी ती कमी करायची तर चांगल्या कार्यक्षमतेचा, आपल्या उंचीला जुळणारा पंप घ्यावा लागतो. पाइपची गळती त्यापेक्षा स्वस्तात हटते. त्याच प्रवाहाला घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने उतरतं. 63 च्या जागी 75 मिमी (अडीच इंची, आतून 69) टाकला तर 15.2 चे 6.4 मीटर होतात. 90 मिमी, म्हणजे तीन इंची टाकला तर 2.4. घर्षण कमी झालं की पंप जास्त पाणी फेकतो, त्यामुळे 75 मध्ये प्रवाह 5.4 वर न थांबता साधारण 6.6 पर्यंत जाईल.

आपल्याकडे मात्र पाणी कमी पडलं की पहिला विचार येतो मोठ्या मोटरचा. तोही करून बघू. तोच 63 चा पाइप आणि साडेसात एचपी. प्रवाह 6.6 झाला तर घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढून 22.7 मीटर, एकूण उंची जवळपास 43 मीटर, पाण्याला लागणारी शक्ती 2760 वॅट. साडेसात एचपीच्या शाफ्टवरचे 5600 वॅट निम्म्याने धरले तर 2800. म्हणजे बरोबर तिथेच येऊन थांबतं: 6.6 लिटर.

पाणी दोन्हीकडे सारखंच आलं. एक लाख लिटरला मात्र मोठा पाइप आणि पाच एचपी असेल तर 20 युनिट लागतात, जुना पाइप आणि साडेसात एचपी असेल तर 30. आज तुला लागतात पावणेपंचवीस. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तासभर, 36 लाख ज्यूल. युनिट हे ऊर्जेचं माप आहे, शक्तीचं नव्हे. "आमची मोटर पाच युनिटची" असं म्हणणाऱ्याला विचारावं, किती तासांत?) आणि निव्वळ 18 मीटर चढवायला लागणारं किमान किती, तर 4.9 युनिट. हीच तुलना करायची सवय लाव: लिटरमागे किती ज्यूल. आज तुझे 889, मोठ्या पाइपने 727, मोठ्या मोटरने 1091, निसर्गाची किमान मागणी 176. एचपीचा आकडा फक्त काम किती वेगाने उरकेल ते सांगतो. शेतीला लाइट ठरावीक तासच असते, म्हणून तो वेगही लागतो हे खरं, पण मोठ्या पाइपने तोही मिळतोच.

एक धोका सांगायला हवा. पाइप मोठा करणं नेहमीच बिनधास्त नसतं. अशा पंपाला समोरची उंची जितकी कमी मिळेल तितकं तो जास्त पाणी फेकतो, आणि त्याबरोबर शाफ्टवरचा भारही वाढतो. 90 चा पाइप टाकून एकूण उंची 23-24 मीटरवर आणलीस आणि पंपाच्या पाटीवर हेडची (म्हणजे एकूण उंचीची) रेंज 28 ते 40 असेल, तर अँपिअर वाढतात, ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा) पडतो. रिले जुळवून वर केलेला असेल तर वाइंडिंग जळतं. पाटीवरची रेंज बघूनच पाइप ठरवायचा. तुझ्या मापाला 75 योग्य वाटतो. ड्रिपला थेट जोडणार असशील तर मात्र हिशोब परत करावा लागेल: लॅटरलला (ड्रिपच्या बारीक नळ्यांना) लागणारा एक किलो दाब म्हणजे आणखी 10 मीटर, म्हणजे लिटरमागे 98 ज्यूल, आणि तुंबलेला फिल्टर तेवढेच आणखी खाऊ शकतो.

मीटरच्या आकड्याबद्दल दोन शब्द, कारण तू वीज दोन पद्धतींनी मोजलीस आणि एका पद्धतीने 6 किलोवॅट आले म्हणतोस. टाँग टेस्टरने 8.3 अँपिअर, व्होल्टेज 415, गुणिले 1.732, झाले 5966. हे वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटरचा प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. 0.8 ने गुणलं की 4.8 किलोवॅट, मीटरशी जुळलं. मीटरवरून मोजायचं तर युनिटचा आकडा सरकायची वाट बघू नकोस. वर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा ते मीटरवर छापलेलं असतं. 1200 छापलेलं असेल आणि 25 सेकंदांत 40 वेळा लुकलुकला, तर 3600 × 40 ÷ (1200 × 25) = 4.8 किलोवॅट. स्टार्टर उघडून टाँग टेस्टर लावायचं काम वायरमनलाच करू दे.

डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या विहिरींवर 415 च्या जागी 360 व्होल्ट मिळणं नवं नाही. मोटरचा वेग फारसा उतरत नाही, पंप तेवढीच शक्ती मागतो, म्हणून प्रवाह साधारण 15 टक्क्यांनी वाढतो. तारेत तापणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते: 33 टक्के. पाणी तेवढंच, उष्णता तिसऱ्या हिश्श्याने जास्त. उन्हाळ्यात रिवाइंडिंगची दुकानं भरतात ती बरीचशी यामुळे.

काठावर ठेवलेल्या मोनोब्लॉक पंपाची गोष्ट मी इथे केली नाही, कारण तुझी मोटर पाण्यात आहे. फक्त एवढं लक्षात ठेव की काठावरचा पंप पाणी ओढत नाही. तो सक्शन पाइपमधला (विहिरीत सोडलेल्या नळीतला) दाब कमी करतो आणि बाहेरचं वातावरण पाणी वर ढकलतं. समुद्रसपाटीला ती मर्यादा 10.3 मीटर. नाशिक जवळपास 600 मीटर उंचीवर, इथे हवा थोडी विरळ, म्हणून 9.6. घर्षण आणि पाण्याची वाफ होण्याची भीती धरून सहा-साडेसहाच्या वर जाऊ नये. त्यापुढे पाच काय, पन्नास एचपी लावली तरी पाणी चढत नाही. ही अडचण शक्तीची नाहीच.

परीक्षेसाठी एकच गोष्ट, जिथे चांगली मुलं गुण घालवतात. हिशोब मांडण्याआधी ठरव: गुरुत्व हे बाहेरचं बल धरणार, की पृथ्वीला प्रणालीत घेऊन स्थितिज ऊर्जा धरणार. बाहेरचं बल धरलंस तर त्याचं कार्य वर चढताना ऋण, −mgh, आणि उजवीकडे फक्त गतिज ऊर्जेतला बदल. स्थितिज ऊर्जा धरलीस तर उजवीकडे mgh येतं आणि गुरुत्वाचं कार्य लिहायचं नाही. दोन्ही लिहिलंस तर उंची दोनदा मोजली गेली आणि उत्तर बरोबर दुप्पट किंवा शून्य येतं. तसं उत्तर आलं की पहिला संशय यावरच घ्यायचा.

आता कसारा घाट. तिथे शक्ती कमी पडत नाही, बल कमी पडतं. शक्ती = बल × वेग, या सूत्रातल्या दोन गुणकांपैकी कोणता अडतो ते बघायचं असतं.

कसारा ते इगतपुरी चढ 37 ला 1 आहे: 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. समजा डबे मिळून 1300 टन आणि इंजिन 123 टन. चढावर गाडीला मागे ओढणारं गुरुत्वाचं बल 14,23,000 × 9.8 ÷ 37, म्हणजे 377 किलोन्यूटन. चाकांचा रोध आणि वळणं मिळून टनामागे 30 न्यूटन धरले तर आणखी 43. एकूण 420 किलोन्यूटन. नुसतं जागच्या जागी घसरू न देता पुढे सरकायला एवढं बल हवंच, वेग कितीही कमी असो.

इंजिनाची शक्ती पुरेशी आहे का? डब्यांना ओढणारं सध्याचं मोठं विजेचं इंजिन 6000 एचपीच्या वरचं, म्हणजे साधारण साडेचार मेगावॅट. 420 किलोन्यूटनने ताशी 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 8.33 मीटर जायला 3.5 मेगावॅट लागतात. शक्ती पुरून उरते. पण चाक रुळावर लोखंडाला लोखंड घासून पकड घेतं. ती पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के धरू: 123 × 9.8 × 0.3 = 362 किलोन्यूटन. पावसाळ्यात ओल्या रुळांवर त्याहून कमी. 420 हवेत आणि 362 मिळतात, म्हणजे चाकं जागेवर गरगर फिरतील आणि गाडी उभी. मागून जोडलेली बँकर इंजिनं शक्तीपेक्षा आणखी वजनदार, पकड घेणारी चाकं पुरवतात. आणि ती मागे असल्यामुळे सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येत नाही, पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात. कसाऱ्याला लागतात, इगतपुरीला सुटतात. नाशिकवरून जाणाऱ्या मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानीला 2019 पासून दोन्ही टोकांना इंजिन लावायला लागले ते याच हिशोबाने: दोन इंजिनांची पकड सगळ्या वाटभर सोबत असल्यावर घाटात थांबून बँकर जोडायला नको.

तुझ्या पंपाशी ताडून बघ. तिथे बल, म्हणजे दाब, आणि वेग दोन्ही मिळून शक्ती खात होते, आणि मोठ्या पाइपने वेग कमी करून दाब वाचवला. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये जास्त ओढतो तेही हेच: शक्ती तीच, वेग कमी, बल जास्त. तिथेही एका मर्यादेनंतर मागची चाकं मातीत रुततात. मग गिअर बदलून उपयोग नाही. चाकांवर वजन टाकावं लागतं किंवा टायरमध्ये पाणी भरावं लागतं.

उतरताना सगळ्याची चिन्हं उलटतात. गुरुत्वाचं कार्य धन, आणि ते गतिज ऊर्जेत जाऊ द्यायचं नाही, नाहीतर गाडी सुटेल. 377 किलोन्यूटनातून रोधाचे 43 वजा केले तर 334 उरतात. ताशी 30 च्या वेगाला ते जवळपास 2.8 मेगावॅट होतात, आणि ते दर सेकंदाला कुठेतरी घालवावे लागतात. नुसत्या ब्रेकवर ठेवले तर चाकं लाल होतील. म्हणून थ्री-फेज इंजिनात मोटरच जनित्रासारखी फिरवतात आणि त्यातला बराचसा भाग वरच्या तारेत परत जातो, जिथे त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी तो वापरू शकते.